तीस दिवसांचा नियम

३१ ऑक्टोबर १९०३. हार्वर्ड विद्यापीठाचं मैदान. सामन्याचा उत्तरार्ध सुरू होतो आणि हार्वर्डचा खेळाडू चेंडू लांब लाथाडतो. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक जिमी जॉन्सन तो झेलतो. त्याचे सगळे सोबती त्याच्याभोवती कडं करतात. आत काय चाललंय ते दोन-तीन सेकंद कोणालाच दिसत नाही. मग कडं फुटतं आणि पोरं वाट्टेल त्या दिशेला पळत सुटतात. जवळजवळ प्रत्येकानं पोटाशी काहीतरी कवटाळलंय, आणि हार्वर्डवाले एकेकाला लोळवत चेंडू शोधतायत. चार्ल्स डिलन नावाचा एक गडी मात्र दोन्ही हात मोकळे सोडून सरळ धावतोय. हात मोकळे म्हणजे याच्याकडे चेंडू नाही, म्हणून त्याला कोणी अडवत नाही.

डिलनच्या पाठीवर कुबड आलेलं असतं. त्याच्या जर्सीच्या खालच्या काठात आधीच इलॅस्टिक शिवून ठेवलेलं होतं आणि जॉन्सननं कड्याच्या आडोशानं चेंडू तिथून आत सरकवला होता. हार्वर्डला पत्ता लागेपर्यंत डिलन गोलरेषेपलीकडे पोचला. टचडाउन!

हार्वर्डवाले भडकले, पण करणार काय? चेंडू जर्सीत लपवू नये असं नियमपुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

ही शक्कल ज्या कोचची होती त्याचं नाव ग्लेन वॉर्नर. सगळे त्याला ‘पॉप’ म्हणत. माझी त्याच्याशी गाठ पडली ती ऑफिसमुळे. आमच्याकडे दिवसाला चार ‘हडल’ होतात, प्रत्येक टीमचं एक ‘प्लेबुक’ असतं आणि जमत नसलेलं काम पुढच्या महिन्यावर ‘पंट’ केलं जातं. हे सगळे शब्द अमेरिकन फुटबॉलचे आहेत हे कळल्यावर एका रात्री मी त्या खेळाचा इतिहास वाचायला बसलो आणि वॉर्नरपाशी येऊन थांबलो. पहिल्या भेटीत मी त्याच्या प्रेमात पडलो, हे कबूल करतो. उत्तम टेस्टर आमचा कोड जसा वाचतो, तसा हा माणूस नियम वाचायचा. काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहून गेलंय, यावर त्याची नजर.

पण त्याच्याबद्दल जसजसं वाचत गेलो, तसतसं ते प्रेम अवघड होत गेलं.

वकिलाचा खेळ

वॉर्नरचा जन्म १८७१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या स्प्रिंगव्हिल गावचा. कायदा शिकायला तो कॉर्नेल विद्यापीठात गेला. संघातल्या इतरांपेक्षा वयानं मोठा, म्हणून ‘पॉप’, म्हणजे आपल्याकडे पोरं एखाद्याला ‘बाबा’ म्हणून चिडवतील तसं. १८९४ मध्ये पदवी घेऊन त्यानं थोडे दिवस वकिली केली. पण १८९५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठानं आठवड्याला ३४ डॉलर देऊ करून त्याला कोच म्हणून बोलावलं आणि वकिली कायमची सुटली. त्याच मोसमात त्यानं आयोवाच्या शेतकी कॉलेजच्या संघालाही शिकवलं. एकाच वेळी दोन नोकऱ्या! याला हल्ली आमच्या क्षेत्रात मूनलायटिंग म्हणतात आणि त्यापायी नोकरी जाते.

अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लांबुळका, आणि तो बहुतेक वेळ हातात. तो प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला न्यायचा आणि त्यांनी अंगावर पडून अडवायचं. आपल्याला जवळचं वाटेल ते कबड्डीतलं पाय धरणं, साखळी करणं, अंगावर झेपावणं. त्या काळी चेंडू पुढे फेकायला परवानगी नव्हती. दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी एकमेकांवर आदळत आणि त्या ढिगातून वीत-दीड वीत पुढे सरकत. जो संघ जास्त वजनदार, तो जिंकणार हे जवळपास ठरलेलं. श्रीमंत विद्यापीठांकडे धिप्पाड मुलांची कमी नव्हती.

१८९९ मध्ये वॉर्नरनं ज्या संघाची जबाबदारी घेतली, त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मुलं हलकी, संख्येनं थोडी, आणि ती कुठल्या विद्यापीठातली नव्हतीच. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलची ती मुलं होती.

केस कापणारी शाळा

आपण लहानपणी ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हणत आलो, ते अमेरिकेचे मूलनिवासी. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं कार्लाईलच्या रिकाम्या पडलेल्या बराकींत त्यांच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा उघडली. मुलांमधला मूलनिवासी मारून टाकायचा आणि माणूस तेवढा वाचवायचा, असं प्रॅटचं धोरण होतं आणि तो ते उघडपणे सांगायचा. हजारो मैलांवरून आणलेल्या मुलांचे लांब केस पहिल्याच दिवशी कापले जात. अंगावर लष्करी गणवेश चढे. स्वतःची भाषा बोलायला बंदी. लूथर स्टँडिंग बेअर हा पहिल्या तुकडीतला लकोटा मुलगा. त्यानं पुढे लिहून ठेवलंय की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती आणि छडी टेकवून त्यातलं एक निवडायचं होतं. ज्यावर छडी टेकली, ते त्याचं नाव झालं. वाचता न येणाऱ्या मुलानं स्वतःचं नाव निवडलं ते असं.

या शाळेत फुटबॉल शिरला तो मुलांच्या हट्टानं. सुरुवातीला एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅटनं बाहेरच्या संघांशी खेळायला बंदी घातली होती. मग चाळीसेक मुलं त्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली आणि त्यांच्यातल्या उत्तम वक्त्यानं बाजू मांडली. प्रॅटनं दोन अटींवर होकार दिला. समोरच्यानं ठोसा मारला तरी उलट मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वात बलाढ्य संघाला हरवून दाखवायचं.

दोन्ही अटींमागे प्रॅटचा स्वतःचा हिशोब होता. गोऱ्यांपेक्षा सभ्य खेळणारी मूलनिवासी मुलं म्हणजे त्याच्या शाळेची चालतीबोलती जाहिरात. मुलांचा हिशोब वेगळा असणार. ज्या शाळेत त्यांचं म्हणून जे जे होतं ते टाकाऊ ठरवलं होतं, तिथे शनिवारची दुपार ही एकच वेळ अशी होती की हार्वर्ड-येलची पोरं त्यांच्याशी बरोबरीनं भिडत आणि गुणफलक कोणाचा रंग विचारत नसे.

लिहायचं राहून गेलेलं

वॉर्नर आला आणि पहिल्याच मोसमात कार्लाईलनं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला १६-५ आणि कोलंबियाला ४५-० असं हरवलं. नाताळच्या दिवशी ही मुलं देश ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि कॅलिफोर्नियालाही हरवून आली. वजनात हरणाऱ्या मुलांना त्यानं वेग आणि हुलकावणी शिकवली. १९०३ चा जर्सीतला चेंडू त्यातलाच. तो सामना हार्वर्डनं शेवटी १२-११ असा जिंकला, पण आज लोकांना आठवतं ते डिलनचं कुबड.

१९०८ मध्ये त्यानं खेळाडूंच्या जर्सीवर चेंडूच्या आकाराची चामडी ठिगळं शिवली. हातांची घडी पोटाशी घेतली की प्रत्येकाकडेच चेंडू आहे असं वाटे. पुढचा सामना हार्वर्डशी होता. तेव्हा हार्वर्डच्या कोचनं म्हणे सामन्यासाठी आपल्या जर्सीच्याच किरमिजी रंगानं रंगवलेले चेंडू आणून ठेवले, कारण चेंडूचा रंग कोणता असावा हेही नियमात नव्हतं. वॉर्नरनं मुकाट ठिगळं काढली. पळवाट शोधणाऱ्याला पळवाटेनंच गाठलं, असा हा किस्सा.

त्याआधी खेळावरच एक संकट येऊन गेलं होतं. खेळातली हिंसा इतकी वाढली होती की १९०५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्याला, म्हणजे फॉरवर्ड पासला परवानगी मिळाली. मोठ्या विद्यापीठांना हे थिल्लर वाटलं. त्यांचा भरवसा अजून वजनावरच होता. कार्लाईलच्या मुलांना मात्र हवेचा मोकळा रस्ता मिळाला.

१९०७ चा मोसम म्हणजे त्या रस्त्यावरची वरातच. पीटर हाउझर लांबलचक पास फेकायचा आणि पलीकडे कोणीतरी धावत येऊन तो झेलायचा. पेनसिल्व्हेनियाचा २६-६ असा फडशा पडला. हार्वर्ड पहिल्यांदाच हरलं, २३-१५. शिकागोविरुद्ध तर अल्बर्ट एक्सेन्डाइननं कमाल केली. पास झेलायला तो मोकळा होऊ नये म्हणून शिकागोनं त्याच्यावर गडी लावून ठेवले होते. हा पठ्ठ्या मैदानाच्या सीमेबाहेर पडला, शिकागोच्या बाकांमागून पळत जाऊन पुढे पुन्हा आत शिरला आणि हाउझरचा पास झेलून टचडाउन करून मोकळा झाला. बाहेर जाऊन आत येऊ नये, असं तेव्हा कुठे लिहिलं होतं?

या सगळ्याला वर्तमानपत्रं वॉर्नरची बुद्धी म्हणत. मुलांच्या वाट्याला ‘रानटी चलाखी’, ‘युद्धाची आरोळी’ असली विशेषणं. पण बाकांमागून पळणारे पाय एक्सेन्डाइनचे होते आणि पासचा अंदाज हाउझरचा. एक्सेन्डाइन पुढे वकीलही झाला आणि कोचही. डोकं त्याच्याकडेही होतं.

पैशांचंही बघायला हवं. कार्लाईलचे मोठे सामने बाहेरगावीच होत, कारण प्रेक्षक तिथे आणि तिकिटांची कमाईही तिथे. हा पैसा शाळेच्या सरकारी हिशोबात न जाता एका वेगळ्या क्रीडानिधीत जाई आणि त्याच्या चाव्या वॉर्नरच्या हातात होत्या. त्यातून खेळाडूंना हातउसने आणि बक्षिसी म्हणून पैसे मिळत, कोचचा भरभक्कम पगार निघे. विद्यापीठांचा खेळ हौशी असावा, हा नियम होता. पळवाट इथेही होती.

थॉर्प

१९०७ च्या वसंतात कार्लाईलच्या मैदानावर उंच उडीचा सराव चालू होता. कामाच्या कपड्यांत तिथून चाललेल्या एका मुलानं ‘मी एकदा बघू का?’ म्हणून विचारलं आणि पाच फूट नऊ इंचांवरची काठी सहज ओलांडून तो निघून गेला. ही बातमी वॉर्नरपर्यंत गेली. तो मुलगा ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प.

१९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थॉर्प नॉर्थ कॅरोलायनामध्ये बेसबॉल खेळला. दिवसाला दोन डॉलरच्या आसपास मिळत. उन्हाळ्यात असं खेळणारी कॉलेजची मुलं तेव्हा ढिगानं होती. फरक इतकाच की ती खोटं नाव लावत. थॉर्प स्वतःच्या नावानं खेळला.

१९११ मध्ये तो कार्लाईलला परतला. त्या नोव्हेंबरात पायाला पट्टी बांधून त्यानं हार्वर्डविरुद्ध चार फील्ड गोल मारले आणि सामना १८-१५ असा जिंकून दिला. १९१२ च्या उन्हाळ्यात वॉर्नर त्याला घेऊन स्टॉकहोम ऑलिंपिकला गेला. सोबत कार्लाईलचाच लुई टेवानिमा होता. टेवानिमा होपी जमातीचा. सरकारी शाळांना विरोध करणाऱ्या होपींची धरपकड झाली तेव्हा त्याला कैदी म्हणून कार्लाईलला आणलं होतं. स्टॉकहोममध्ये त्यानं त्याच देशासाठी दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. थॉर्पनं पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकली, डेकॅथलॉनमध्ये ८,४१२ गुण मिळवून.

९ नोव्हेंबर १९१२ ला कार्लाईलची गाठ पडली वेस्ट पॉइंटशी, म्हणजे थेट लष्करी अकादमीच्या संघाशी. वूंडेड नीच्या हत्याकांडाला तेव्हा बावीसच वर्षं झाली होती. सामन्याआधी वॉर्नरनं मुलांना त्यांचे बाप-आजे कोणाशी लढले याची आठवण करून दिली, असं सांगतात. कार्लाईल २७, आर्मी ६. हरलेल्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता, पुढे जो राष्ट्राध्यक्ष झाला. वॉर्नरच्या कारकिर्दीतला हा बहुधा सर्वात उंच क्षण. यानंतर अडीच महिन्यांनी उतार लागला.

न उघडलेलं पुस्तक

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्रानं बातमी छापली की थॉर्प पैसे घेऊन बेसबॉल खेळलेला आहे. म्हणजे तो हौशी खेळाडू नाही, म्हणजे ऑलिंपिकला अपात्र. कार्लाईलचा अधीक्षक मोझेस फ्रीडमन आणि वॉर्नर या दोघांनीही हात वर केले. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, असं ते म्हणाले. जो खेळाडू दोन उन्हाळे शाळेतून गायब होता, तो कुठे होता हे त्याच्या कोचला माहीत नव्हतं! बहुतेक इतिहासकारांचा यावर विश्वास नाही.

मग थॉर्पच्या सहीचं एक पत्र हौशी क्रीडा संघटनेकडे गेलं. मी एक साधा मूलनिवासी शाळकरी मुलगा होतो, जगरहाटी मला कळत नव्हती, माफ करा, असा त्याचा सूर. या पत्राचा मसुदा वॉर्नरचाच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. वकिलाचं पत्र म्हणून ते चोख होतं. त्यात शाळा निर्दोष होती, कोच निर्दोष होता, सगळा दोष एकट्या थॉर्पचा. आणि बचाव म्हणून पुढे केलं ते त्याचं ‘अडाणी’ मूलनिवासी असणं. ज्या शाळेनं त्याच्यातला मूलनिवासी मारण्याचा विडा उचलला होता, तिला ऐन वेळी तोच कामी आला. पदकं आणि चषक परत गेले. विक्रम पुसले गेले.

हे वाचताना मी थांबलो ते एका नियमापाशी. १९१२ च्या ऑलिंपिकच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की खेळाडूच्या पात्रतेवर हरकत घ्यायची तर बक्षीस समारंभापासून ३० दिवसांच्या आत घ्यावी. बक्षीस समारंभ जुलै १९१२ मध्ये झाला आणि बातमी आली जानेवारी १९१३ मध्ये. मुदत टळून पाच महिने होऊन गेले होते.

इथे पळवाटही शोधायची नव्हती. नियम धडधडीत छापलेला होता आणि थॉर्पच्या बाजूनं होता. जर्सीत चेंडू लपवायला जागा कुठे आहे हे ज्याला दिसलं, सीमेबाहेरून आत येता येतं हे ज्याच्या संघानं दाखवून दिलं, तो कायद्याचा पदवीधर स्वतः स्टॉकहोमला जाऊन आलेला होता. तरी ‘तुमची मुदत संपली आहे’ एवढं एक वाक्य थॉर्पच्या वतीनं ना शाळा म्हणाली, ना कोच. हरकत उभी राहिली असती तर चौकशी झाली असती, आणि चौकशीत क्रीडानिधी आणि वॉर्नरचा पगार हेही निघालं असतं. पोराला पुढे करून मिटवणं सोपं होतं.

मुलांनी केलेला अर्ज

पण पोरं गप्प बसली नाहीत, हा या गोष्टीचा सर्वात कमी सांगितला जाणारा भाग. संघाचा क्वार्टरबॅक गस वेल्च यानं पुढाकार घेतला, शाळेतल्या दोनशेहून अधिक मुलामुलींनी अर्जावर सह्या केल्या आणि १९१४ च्या सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसची समिती कार्लाईलला चौकशीसाठी आली. खेळाडूंनी वॉर्नरविरुद्ध साक्षी दिल्या. तो शिवीगाळ करतो, हॉटेलच्या लॉबीत सामन्याची तिकिटं विकतो, त्याला चारित्र्य नाही, अशा. चाळीसेक मुलं प्रॅटच्या कचेरीत खेळू द्या म्हणून उभी राहिली होती, त्याला वीसेक वर्षं झाली होती. आता त्याच शाळेतली मुलं देशाच्या संसदेपुढे उभं राहून आपल्या नामांकित कोचचा हिशोब मागत होती.

फ्रीडमनला जावं लागलं. वॉर्नर १९१४ चा मोसम संपवून पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि १९१५ ते १९१७ ही तीन वर्षं तिथे एकही सामना हरला नाही. पुढे स्टॅनफर्ड, मग टेंपल. तीनशेहून अधिक विजय त्याच्या नावावर आहेत. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या फुटबॉल लीगला आजही त्याचंच नाव आहे. आपल्या आठवणींत तो कार्लाईलच्या मुलांचं कौतुकच करत राहिला आणि मला वाटतं ते खरंही असावं. त्यांच्याइतकी त्याच्या कल्पनांना साथ दुसऱ्या कोणी दिली नाही. पण कौतुक करणं वेगळं आणि पाठीशी उभं राहणं वेगळं.

कार्लाईल १९१८ मध्ये बंद झालं. आज तिथे लष्कराचं वॉर कॉलेज आहे. आवारात पावणेदोनशेहून जास्त मुलांना पुरलेलं होतं. २०१७ पासून काहींचे अवशेष त्यांच्या जमाती घरी नेऊ लागल्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

थॉर्प मार्च १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात एका ट्रेलरमधल्या घरात, हलाखीत गेला. पुढच्याच वर्षी वॉर्नर गेला. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीनं थॉर्पला पुन्हा विजेता ठरवलं, पण दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंबरोबर ‘संयुक्त’ म्हणून. तेव्हा बाजी पालटवणारा मुद्दा होता तोच, ३० दिवसांचा नियम. कोणीतरी ग्रंथालयात जाऊन ती जुनी नियमावली शोधून काढली होती. ‘संयुक्त’ हा शब्द जायला २०२२ साल उजाडलं. डेकॅथलॉनमध्ये दुसरा आलेला ह्युगो वीसलांडर यानं ते सुवर्णपदक आपलं कधी मानलंच नव्हतं, असं त्याच्या कुटुंबानं कळवलं.

वॉर्नरच्या चालाखीवर मी अजूनही खूश होतो. डिलनचं कुबड आठवलं की हसू येतंच. पण हल्ली एखाद्या मीटिंगमध्ये काहीतरी बिघडलेलं असतं, वर कळवायची वेळ येते आणि ‘नवीन पोरगा आहे, त्याला माहीत नव्हतं’ असं कोणीतरी हळूच म्हणतं. वाक्य अगदी सौम्य असतं, त्या पत्रासारखंच. अशा वेळी मी आता आधी कागद मागवतो, त्यात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचतो, आणि मगच बोलतो.